खिशातला कॅमेरा आणि सहाचा आकडा

कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेचे शेवटचे पान सहसा कुणी वाचत नाही. तिथे बॅटरीच्या आकड्याखाली बारीक टायपात एक टीप असते. दर तीस सेकंदांनी एक फोटो काढायचा, दर वेळी झूम एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायचा, एकाआड एक फोटोला फ्लॅश उडवायचा आणि दहा फोटो झाले की कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करायचा. बॅटरी संपेपर्यंत हा क्रम चालवला की जो आकडा येतो, तो खोक्यावर छापला जातो.

ही रीत ठरवली 'सिपा' या जपानी संस्थेने. कॅमेरा उत्पादकांची ही संघटना २००२ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने 'डीसी-००२' नावाचे मानक काढले. तोवर प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने बॅटरी मोजत होती. कुणी स्क्रीन बंद ठेवून, कुणी फ्लॅश न वापरता. या मानकाने सगळ्यांना एकाच पट्टीवर आणले. रोजच्या वापरासाठी छोटा कॅमेरा पारखायचा असेल तर जाहिरातीच्या आधी हेच पान उघडावे. त्यात कॅमेऱ्याचा अख्खा दिवस लपलेला असतो.

उदाहरणार्थ ५८० हा आकडा. दर फोटोला अर्धा मिनिट धरले तर २९० मिनिटे होतात, म्हणजे जवळजवळ पाच तास न थांबता काम. फुजीफिल्मच्या फाइनपिक्स एफ३० या कॅमेऱ्याचा हा आकडा आहे. हा कॅमेरा २००६ सालचा. बॅटरी सोडून वजन सुमारे १५५ ग्रॅम, शर्टाच्या खिशात मावेल असे अंग. लग्नाला, सहलीला, गणपतीला चार्जर घरी ठेवून जाता येत असे. पण लोकांच्या मनात हा कॅमेरा राहिला तो एका निराळ्याच गोष्टीमुळे: तो अंधारात बघू शकत असे.

त्या काळातल्या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांची घरातली कामगिरी आठवून पाहावी. आयएसओ, म्हणजे कमी उजेडात वाढवायची संवेदनशीलता, ४०० च्या पुढे गेली की चेहऱ्यावर रंगीत रवा उमटायचा आणि साडीची जर चिखलात बुडाल्यासारखी दिसायची. म्हणून कॅमेरा स्वतःहून फ्लॅश उडवायचा. समोरच्यांचे चेहरे पांढरेफटक, मागची भिंत काळी. घरोघरच्या २००० ते २००८ च्या अल्बममध्ये असे चेहरे शेकड्यांनी आहेत. एफ३० वर आयएसओ ३२०० पर्यंतची सोय होती. ३२०० वर फार काही हाती लागत नसे, पण ८०० वर काढलेला फोटो छापण्याजोगा असे, आणि त्या वर्षी खिशातल्या कॅमेऱ्यासाठी ही मोठीच मजल होती.

त्यात आणखी एक करामत होती. एका बटणात हा कॅमेरा लागोपाठ दोन फोटो घेई, पहिला आहे त्या उजेडात, दुसरा फ्लॅशसह. लक्ष्मीपूजनाच्या ताटाशी बसलेल्या आजीचा असा जोडफोटो डोळ्यांसमोर आणावा. एका फोटोत समईचा पिवळा उजेड गालावर पसरलेला, चौरंगावरच्या झेंडूच्या पाकळ्या सावलीत किंचित विरघळलेल्या. दुसऱ्यात सगळे स्वच्छ आणि धारदार, पण ज्योत निस्तेज, कारण फ्लॅशपुढे तिचा उजेड टिकत नाही. कोणता फोटो अल्बममध्ये लावायचा हे घरी बसून ठरवता येई. खिशातल्या कॅमेऱ्यात माणसांचा इतका विचार क्वचितच झाला आहे.

या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर मेगापिक्सेल होते फक्त सहा.

तो काळ आकड्यांच्या शर्यतीचा. त्याच २००६ साली कॅसिओच्या एक्सिलिम झेड१००० ने दहा मेगापिक्सेलचा टप्पा खिशात आणला आणि कॅननचा पॉवरशॉट जी७ ही दहावर गेला. दुकानात गिऱ्हाईक विचारी, "किती मेगापिक्सेल?" आणि उत्तर मोठे असेल तोच कॅमेरा विकला जाई. फुजीनेही ही शर्यत पूर्वी खेळली होती. २००० साली तिच्या फाइनपिक्स ४७०० मध्ये सुपर सीसीडी नावाचा सेन्सर होता. त्याची प्रकाशबिंदूंची घरटी मधमाशांच्या पोळ्यासारखी तिरकी मांडलेली. पिक्सेल २४ लाख, पण फाइल निघे ४३ लाखांची. मधले बिंदू कॅमेऱ्याने गणित करून भरलेले. मग हा कॅमेरा २४ लाखांचा म्हणायचा की ४३ लाखांचा, यावर कॅमेरा-समीक्षकांमध्ये बरीच जुंपली. फुजीचे म्हणणे होते की तिरकी मांडणी आडव्या-उभ्या रेषांचा तपशील जास्त पकडते. त्यात तथ्य होते, पण ४३ लाखांचा दावा करण्याइतके नव्हते. जी कंपनी तेव्हा आकडा फुगवल्याबद्दल बोलणी खाऊन बसली, तिनेच सहा वर्षांनी आकडा मुद्दाम खाली ठेवला. या गोष्टीतले हे वळण सर्वांत लोभस आहे.

सहा मेगापिक्सेल म्हणजे प्रत्यक्षात किती? एफ३० चा फोटो २८४८ गुणिले २१३६ बिंदूंचा. चांगल्या छपाईला इंचाला ३०० बिंदू लागतात. भागाकार केला की साडेनऊ बाय सात इंच येतात, म्हणजे साधारण दिवाळी अंकाचे एक पूर्ण पान. अल्बममधल्या सहा बाय चारच्या फोटोला तर जेमतेम २२ लाख बिंदू पुरतात. जर्मनीतील इमेज इंजिनिअरिंग या कॅमेरे तपासणाऱ्या संस्थेने त्याच सुमारास उघड भूमिका घेतली की छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला सहा मेगापिक्सेल पुरे, त्यापुढे नुसता रवा वाढतो. शर्यतीत उतरलेल्या उद्योगाला ते रुचण्यासारखे नव्हते.

२००६ च्या अखेरीस एफ३१एफडी आला. यंत्र तेच, चेहरे ओळखण्याची सोय नवी. मग फुजीनेही धीर सोडला. २००७ सालीच एफ४०एफडी आठ मेगापिक्सेलवर आणि एफ५०एफडी बारावर गेला. अंधारातली ती ताकद या दोघांत तशी राहिली नाही. एफ३१एफडी बाजारातून गेल्यावर वापरलेले नग मूळ किमतीपेक्षा चढ्या भावाने विकले जाऊ लागले. जुना डिजिटल कॅमेरा नव्याहून महाग, ही तेव्हा न ऐकलेली गोष्ट होती.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण एफ३१ च्या भक्तांनी तिचा सोपा मंत्र करून टाकला. मंत्र असा की पिक्सेल कमी तर फोटो चांगला. भौतिकशास्त्र एवढे सरळ नाही. प्रकाश कणाकणाने येतो आणि त्याच्या मोजणीत अटळ चढउतार असतो. एखाद्या घरट्यात शंभर कण पडले तर दहाचा, म्हणजे दहा टक्क्यांचा चढउतार. दहा हजार पडले तर शंभराचा, म्हणजे एकच टक्का. तेव्हा मोठे घरटे शांत, छोटे खळबळते हे खरे. पण बारा मेगापिक्सेलचा फोटो सहाच्या आकाराला आणून पाहिला की शेजारची घरटी एकमेकांत मिसळतात आणि बराचसा फरक मिटतो. शेवटी मोजला जातो तो संपूर्ण सेन्सरवर पडलेला एकूण प्रकाश. एफ३० च्या यशात सहाच्या आकड्याचा वाटा होता, पण त्याच्याइतकाच वाटा होता सेन्सरच्या क्षेत्रफळाचा, त्याच्या घडणीचा आणि रवा पुसताना तपशीलही पुसून न टाकण्याच्या संयमाचा. बहुतेक छोटे कॅमेरे २८ चौरस मिलिमीटरच्या आसपासचे सेन्सर वापरतात. एफ३० चा होता सुमारे ४३.

गंमत म्हणजे पुढे फुजी पुन्हा सहाकडेच वळली. २००९ च्या एफ२००ईएक्सआर मध्ये सेन्सर बारा मेगापिक्सेलचा, पण उजेड कमी असला की तो दोन-दोन घरटी जोडून सहाचा फोटो देई. आज मोबाइल ४८ मेगापिक्सेल सांगून १२ चा फोटो हाती देतो, ती हीच युक्ती. फरक इतकाच की तिथे चार घरट्यांचे एक होते.

नंतरची वर्षे दुःखाची आहेत, ती झटकन ओलांडू. २०१० साली सिपाच्या सदस्यांनी सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले आणि त्यातले जवळजवळ ११ कोटी असे बिनबदलत्या लेन्सचे, म्हणजे मुख्यतः खिशातले. २०२३ साली या वर्गात उरले १७ लाखांच्या आसपास. मोबाइलने त्यांची जागा घेतली. त्यात अन्याय काही नाही. लागोपाठ अनेक फोटो घेऊन ते एकमेकांवर रचणारा आजचा चांगला मोबाइल रात्रीच्या फोटोत एफ३० ला सहज मागे टाकतो.

म्हणून आज कुणी खिशातला कॅमेरा घ्यायला निघाले तर पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा नसावा, सेन्सर किती मोठा हा असावा. २०१२ साली सोनीने आरएक्स१०० आणला, २४० ग्रॅमचा, २० मेगापिक्सेलचा. त्याचा 'एक इंची' सेन्सर प्रत्यक्षात १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर आहे. इंचाचे हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आले आणि चिकटले. ग्राहकाने ते विसरून मिलिमीटरच विचारावेत. तरीही क्षेत्रफळ ११६ चौरस मिलिमीटर, एफ३० च्या अडीचपटीहून जास्त. मात्र त्याच्या लेन्सचे अ‍ॅपर्चर रुंद टोकाला १.८ आणि झूम ताणल्यावर ४.९ होते, म्हणजे आत येणारा उजेड सातपटीहून जास्त घटतो. घरातला फोटो काढायचा तर झूम करण्यापेक्षा दोन पावले पुढे जावे. जाहिरातीत फक्त १.८ मोठ्या अक्षरात असते. दुसरा आकडा शोधावा लागतो, आणि तो शोधावाच.

दुसरे टोक रिकोच्या जीआर ३ चे. २०१९ चा हा कॅमेरा २५७ ग्रॅमचा, पण सेन्सर मोठ्या कॅमेऱ्यांतला. झूम नाही, आतला फ्लॅश नाही, एकच २८ मिलिमीटरची नजर. रिकोच्या म्हणण्यानुसार ०.८ सेकंदात तो तयार होतो. फोकसचे अंतर आधीच, समजा अडीच मीटरवर, बांधून ठेवता येते. मग बटण पूर्ण दाबले की तो शोधाशोध न करता फोटो घेतो. वारीत रिंगण धावत असताना किंवा लोकलच्या दारात फोटो हवा असेल तर ही सोय शंभर वैशिष्ट्यांहून मोलाची.

आणि आता ते शेवटचे पान. जीआर ३ चा आकडा २००. फोटोला अर्धा मिनिट धरले तर शंभर मिनिटे. एफ३० ला फ्लॅश आणि झूम वापरायला लावून ५८० मिळाले. फ्लॅश न वापरणाऱ्याला त्याहून जास्त मिळत. जीआर ला वाचवायला फ्लॅशही नाही आणि झूमही नाही, तेव्हा २०० म्हणजे फारतर २००. जीआर घेणाऱ्याने दुसरी बॅटरी त्याच दिवशी घ्यावी, पुढच्या महिन्यात नव्हे.

आयएसओच्या आकड्यांवरही डोळे मिटून विसंबू नये. सिपाच्याच २००४ च्या 'डीसी-००४' मानकाने उत्पादकाला स्वतःच्या शिफारशीनुसार आयएसओ ठरवण्याची एक वाट दिली आहे. एका कंपनीचे ३२०० आणि दुसरीचे ३२०० एकच असतील असे नाही. दुकानात खात्री करायची ती अशी: दुकानदाराला कोपऱ्यातला दिवा मालवायला सांगावे, फ्लॅश बंद करावा, काउंटरमागे उभ्या माणसाचा चेहरा १६०० वर काढावा आणि स्क्रीनवर डोळ्यांभोवतीची जागा मोठी करून पाहावी. पापण्या सुट्या दिसल्या तर कॅमेरा कामाचा. त्वचा मेणासारखी गुळगुळीत दिसली तर रव्याबरोबर चेहराही पुसला गेला आहे.

अलीकडे पंचविशीच्या आतली मुले जुने छोटे कॅमेरे शोधत हिंडतात आणि २०२४ मध्ये या वर्गाची विक्रीही थोडी वर चढली. त्यांना तो फ्लॅशचा पांढरा झगझगाटच आवडतो. त्यातल्या कुणाच्या हाती एफ३० लागलाच तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तो एक्सडी कार्डावर फोटो साठवतो. फुजी आणि ऑलिम्पसने २००२ साली आणलेले हे कार्ड आता बनत नाही आणि नव्या लॅपटॉपमध्ये ते बसत नाही.

ज्यांच्या खणात असा कॅमेरा गेली दहा-पंधरा वर्षे पडून आहे, त्यांनी या दिवाळीत तो बाहेर काढावा आणि एक्सडी वाचणारा कार्ड रीडर मिळतो आहे तोवर आतले फोटो उतरवून घ्यावेत.