हिशेब कुणी मागायचा?

गेल्या १ ऑगस्टला मलकापुरात अण्णाभाऊ साठे यांची जयंती झाली. मिरवणूक निघाली, हलग्या वाजल्या, भाषणे झाली. मीही बोललो. मंडप उतरवताना बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातला एक विद्यार्थी जवळ आला आणि आजूबाजूला बघत हळूच म्हणाला, “सर, वर्गातली पोरं म्हणत्यात, तुमच्या महामंडळाचं पैसं तुमच्याच माणसानं खाल्लं. त्यांस्नी काय सांगू?” तासभर अण्णाभाऊंवर बोललेल्या मला त्याच्या या एका प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. “चौकशी चालू आहे,” असे काहीतरी पुटपुटून मी वेळ मारून नेली. त्या पोराला द्यायचे राहिलेले उत्तर या लेखात देण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम घडले काय ते पाहू. लोकशाहीर अण्णाभाऊ साठे विकास महामंडळ जुलै १९८५ मध्ये कंपनी कायद्याखाली स्थापन झाले. मातंग समाज व त्याच्या पोटजातींतील माणसांना धंद्यासाठी कर्ज व अनुदान मिळावे, हा त्याचा उद्देश. अनुसूचित जातींमध्ये संख्येने महारांच्या खालोखाल असलेल्या, पण शिक्षणात व नोकरीत फार मागे राहिलेल्या समाजासाठी ही स्वतंत्र व्यवस्था होती. २०१२ ते २०१४ या काळात रमेश कदम हे या महामंडळाचे अध्यक्ष होते. २०१४ मध्ये ते मोहोळ या राखीव मतदारसंघातून आमदार झाले. २०१५ मध्ये महामंडळाच्या निधीच्या अपहाराचा गुन्हा दाखल झाला, राज्य गुन्हे अन्वेषण विभागाने तपास केला, ऑगस्ट २०१५ मध्ये कदमांना अटक झाली. महामंडळाचे वरिष्ठ अधिकारीही आरोपी झाले. लाभार्थ्यांसाठीचा पैसा अध्यक्षांशी संबंधित संस्था व कंपन्यांकडे वळवला, असा आरोप आहे आणि आरोपाचा आकडा तीनशे कोटींच्या वर जातो. आठ वर्षे तुरुंगात काढल्यावर २०२३ मध्ये कदमांना जामीन मिळाला. आरोप म्हणजे सिद्ध झालेला दोष नव्हे आणि जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. दोष कुणाचा व किती, हे न्यायालयाने ठरवायचे आहे. परंतु महामंडळाचा पैसा ज्यांच्यासाठी होता त्यांच्यापर्यंत पोचला की नाही, हा प्रश्न विचारायला आपल्याला निकालाची वाट पाहण्याची गरज नाही.

तीनशे कोटी ही रक्कम आपल्या वस्तीतल्या माणसाच्या डोळ्यांपुढे उभी राहत नाही. म्हणून ती फोडून पाहू. त्या काळी अशा महामंडळांच्या अनुदान योजनेत ५०,००० रुपयांपर्यंतच्या धंद्याला निम्मी रक्कम किंवा १०,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते अनुदान मिळे. बाकीची रक्कम बँकेने कर्ज म्हणून द्यायची. तीनशे कोटींना दहा हजारांनी भागले तर तीन लाख अनुदाने होतात. तीन लाख माणसांच्या शिलाई मशीन, शेळ्या, भाजीची गाडी, पानपट्टी, केरसुण्यांचा माल, बँडचे साहित्य. अपहाराचा खरा आकडा हा आहे.

आता हे होऊ कसे शकते? इथे महामंडळाची यंत्रणा समजून घेतली पाहिजे. त्याहून मोठ्या धंद्यासाठी बीजभांडवल योजना असते. तीत ७५ टक्के रक्कम बँक देते, २० टक्के महामंडळ ४ टक्के व्याजाने देते आणि ५ टक्के अर्जदाराने घालायची असते. वरवर पाहता योजना चांगली आहे. परंतु बँकेने मंजुरी दिल्याशिवाय महामंडळाचा रुपया हलत नाही आणि आपल्या माणसाला कर्ज देताना बँकेचा हात आखडतो. परिणामी अर्ज बँकेत पडून राहतात आणि पैसा महामंडळाच्या खात्यात पडून राहतो. वाटलेल्या पैशाचे निदान दहा हजार तुकडे होतात, दहा हजार घरांत जातात. न वाटलेला पैसा मात्र एका जागी, एका खात्यात, एका सहीच्या अंतरावर असतो. वळवता येतो तो हाच पैसा. तात्पर्य, लाभार्थ्याला नाकारण्याची व्यवस्था आणि अपहाराची व्यवस्था या दोन वेगळ्या व्यवस्था नाहीत. पहिलीच्या पोटात दुसरी वाढते.

त्यावर अध्यक्षपद हे राजकीय सोयीचे झालेले. मंत्रिपद हुकलेल्याला महामंडळ द्यायचे, हा सर्वच पक्षांचा रिवाज आहे. कायद्याने पाहिले तर पहारा कमी नाही. सरकारी कंपनीचा लेखापरीक्षक नियंत्रक व महालेखापरीक्षक नेमतात. त्यावर पुन्हा त्यांना स्वतःची तपासणी करता येते. वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. विधिमंडळाची सार्वजनिक उपक्रम समिती आहे. परंतु या साऱ्या पहाऱ्याला आधी हिशेब तयार असावे लागतात. राज्यातल्या कितीतरी सरकारी कंपन्यांचे हिशेब वर्षानुवर्षे थकलेले असतात, हे महालेखापरीक्षकांचे अहवाल सतत सांगत आले आहेत. थकबाकीदार म्हणून नोटीस मात्र अर्जदाराच्या दारात लागते.

इथे माझ्या घरची गोष्ट सांगितली पाहिजे. मी सातवीत असताना आबांनी एका महामंडळाकडे कर्जाचा अर्ज केला होता. लग्नसराईत ते दुसऱ्याच्या बँडमध्ये रोजावर वाजवीत. स्वतःचे चार वाद्यांचे पथक काढावे, अशी त्यांची इच्छा होती. घरात लिहिता-वाचता येणारा मी एकटा, म्हणून अर्ज मी भरला. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची नक्कल, वाद्यांचे दरपत्रक, थकबाकी नसल्याचा दाखला आणि दोन जामीनदार. जामीनदार पगारदार हवेत, असे सांगितले गेले. आमच्या वस्तीत पगारदार एकच होता, झाडूवाला. दुसरा शोधण्यात पावसाळा गेला. मलकापूर ते कोल्हापूर एस.टी.ने जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडालीच. अशा सात खेपा मला आठवतात. शेवटी बँकेतून निरोप आला की बँडचा धंदा बारमाही नाही, कर्ज देता येत नाही. आबांनी ती कागदांची पिशवी खुंटीला टांगली. ती अजून घरात आहे.

पन्नास हजारांसाठी माझ्या बापाला दोन जामीनदार मागितले गेले. कोट्यवधींच्या सहीसाठी अध्यक्षाला कुणी किती जामीनदार मागितले?

आता त्या वर्गातल्या पोरांच्या वाक्याकडे वळू. “तुमच्या माणसानं तुमचंच खाल्लं” या वाक्यात ‘तुमच्या’ हा शब्द कळीचा आहे. आमच्या पश्चिम महाराष्ट्रात सहकारातले घोटाळे कुणाला नवे नाहीत. २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळच बरखास्त झाले. तेव्हा त्या संचालकांच्या जातीतल्या पोराला वर्गात कुणी असे विचारले का? तिथे घोटाळा व्यक्तीचा असतो, फार तर पक्षाचा. आपल्या महामंडळात झाला की तो जातीचा होतो. ही जातिव्यवस्थेची जुनीच चाल आहे. गुन्हा एकाचा आणि गुन्हेगार सारी जमात, हे सूत्र १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने लिखित केले, आणि मांग-गारुड्यांसारख्या आपल्याच भावंडांनी ते अंगावर सोसले आहे.

परंतु एवढे म्हणून थांबलो तर आपण अर्धेच सत्य सांगितले. दुसरे अर्धे आपल्याविषयी आहे. प्रकरण उघडकीस आले तेव्हा आपल्यातले पुष्कळ जण गप्प बसले. काहींना वाटले, बोललो तर समाजाची बदनामी होईल. काहींना वाटले, आपला माणूस आहे, त्याला अडकवले असेल. काहींचे हात त्याच ताटाखाली होते. विरोधक ‘तुमचा माणूस’ म्हणतात आणि आपण ‘आपला माणूस’ म्हणतो. दोन्ही बोलण्यांत हिशेबाची वही बाजूला पडते आणि जात तेवढी शिल्लक राहते. अण्णाभाऊंचा फकिरा उपाशी माणसांसाठी धान्याचे कोठार फोडतो. त्याच अण्णाभाऊंच्या नावाचे, उपाशी माणसांसाठीच भरलेले कोठार फुटले असेल, तर गप्प राहून आपण त्यांची कोणती अस्मिता जपतो?

हे एका महामंडळापुरते नाही. २००४ ते २००९ या काळात आदिवासींसाठी झालेली खरेदी व वाटप, म्हणजे डिझेल इंजिने, गॅस शेगड्या, दुभती जनावरे इत्यादी, यांतील गैरव्यवहाराच्या आरोपांवर मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली. न्यायालयाने २०१४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांची समिती नेमली. तिचा अहवाल २०१७ मध्ये आला, आणि गुन्हे नोंदले जायला त्यापुढेही वेळ गेला. ज्या आईला इंजिन मिळायचे होते तिचे मूल एव्हाना कामाला लागले.

आणि शिक्षा कुणाला होते? साठे महामंडळाचे प्रकरण बाहेर आल्यावर कर्जवाटप दीर्घकाळ ठप्प झाले. चोरी झाली म्हणून घरमालकालाच उपाशी ठेवावे, तशातला हा प्रकार. दूरचे एक उदाहरण याच्याशी जुळते. ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये तिथल्या मूळनिवासींनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींचे एक आयोग स्थापन झाले होते. त्याच्या हाती सरकारी निधी होता. पुढे त्याच्या नेत्यांवर आरोप झाले, कारभारावर टीका झाली. सरकारने २००५ मध्ये आयोगच मोडीत काढले आणि योजना सर्वसाधारण खात्यांकडे दिल्या. माणसे बदलता आली असती, नियम कडक करता आले असते. मूळनिवासींच्या हातातला अधिकारच काढून घेतला गेला. म्हणून ‘महामंडळे बंद करा’ असे कुणी म्हणू लागले तर आपण सावध राहिले पाहिजे. महामंडळ हवे, आणि त्याचा हिशेबही हवा.

बाबासाहेबांना आपण घटनाकार म्हणून वंदन करतो. ते मुळात अर्थशास्त्रज्ञ होते, प्रांतांच्या जमाखर्चावर त्यांनी ग्रंथ लिहिला, हे आपण जयंतीत क्वचितच सांगतो. १९४९ मध्ये घटना समितीत बोलताना त्यांनी महालेखापरीक्षक हा घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे मत मांडले होते. सार्वजनिक पैशावरचा पहारा त्यांना न्यायासनाइतकाच, किंबहुना अधिक मोलाचा वाटत होता. आपल्या चळवळीने मोर्चा शिकला, कविता शिकली, भाषण शिकले. ताळेबंद वाचायला मात्र ती अजून शिकलेली नाही.

हे शिकणे अवघड नाही. माहितीचा अधिकार कायदा २००५ पासून आहे. त्याच्या चौथ्या कलमानेच अनुदान योजनांच्या रकमा व लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने आपण होऊन प्रसिद्ध करायचा आहे. केला नसेल तर दहा रुपयांच्या शुल्कावर अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही नाही. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा व दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, आणि तीस दिवसांत उत्तर यावे लागते. विचारायचे ते इतके: महामंडळाचे हिशेब कोणत्या वर्षापर्यंत तपासून झाले? वर्षअखेर किती रक्कम न वाटता बँकेत होती? आपल्या तालुक्यातून किती अर्ज आले, किती मंजूर, किती नामंजूर, कोणत्या कारणाने? आणि अपहार झाल्याचे म्हटलेल्या रकमेपैकी किती परत आली? चार प्रश्न, चार अर्ज.

त्या विद्यार्थ्याला मी अखेर असे सांगितले, “त्यांना सांग, पैसा आमच्या जातीचा नव्हता, जनतेचा होता, आमच्यासाठी ठेवलेला होता. ज्याने घेतला असेल त्याला शिक्षा व्हावी, हे तुमच्याआधी आम्ही म्हणतो. आणि हिशेब आम्हीच मागणार.” तो म्हणाला, “मग अर्ज कवा लिहायचा?” येत्या रविवारी वस्तीतल्या समाजमंदिरात आम्ही आठ-दहा जण बसणार आहोत. आबांना सांगितले, तेव्हा त्यांनी काही न बोलता खुंटीवरची पिशवी काढून माझ्या हातात दिली.