नाव शाबूत, तार तुटलेली

२६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुराला २०२५ साली वीस वर्षे झाली आणि त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाल्याची तीस वर्षेही भरली. या दोन घटनांमधले दशक मराठी मुलखाच्या संपर्कव्यवस्थेला वळण देणारे होते. तरीही महापुराच्या आठवणीत मिठी नदी, छातीभर पाणी आणि रुळांवर अडकलेल्या लोकल यांनाच जागा मिळते, आणि त्या दिवशी मुके झालेले दूरध्वनी व निरुत्तर झालेले सर्व्हर यांची, तसेच ते पुन्हा चालू करणाऱ्यांची, बोळवण एखाद्या ओळीत होते. जाम नदीच्या काठी, पांढुर्ण्याच्या समोर वसलेल्या सावरगावातून पाहिले तर ही उपेक्षा अधिकच खटकते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या गावाला चक्रीवादळ बातमीतूनच कळते. मात्र मुंबईत केबल भिजली की तिथे नोकरीला गेलेल्या मुलाचा फोन लागत नाही, ही गोष्ट सावरगावलाही कोकणाइतकीच जाचते.

त्या दशकाआधीचा काळ थोडक्यात उरकता येईल. तारायंत्रापासून ते १८० क्रमांकावर ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास ताटकळण्यापर्यंतच्या त्या दीर्घ काळात वादळानंतरची दुरुस्ती म्हणजे पडलेले खांब उभे करणे आणि तार ताणणे एवढेच होते, आणि त्या काळाविषयी हळवे होऊन लिहिणाऱ्यांना बहुधा कधी तातडीचा फोन करावा लागला नसावा. खरा बदल घडवला तो १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेने खेड्यांसाठी बनवलेल्या लहान स्वयंचलित एक्स्चेंजने. १२८ जोडण्यांचे हे यंत्र वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात चालावे असेच घडवले होते. त्याचा एक गुण आज विस्मरणात गेला आहे: एक्स्चेंजमधील ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांतून तांब्याच्या तारेवाटे वीज थेट ग्राहकाच्या फोनपर्यंत येई, त्यामुळे गावभर अंधार असला तरी रिसीव्हर उचलताच टोन ऐकू येत असे.

१९९५ ते २००५ या दशकात ही तांब्याची तार आणि नवे इंटरनेट एकमेकांच्या आधाराने नांदले. विदेश संचार निगमने १९९५ साली सुरू केलेली सेवा त्याच तारेवरून मोडेम नावाच्या खोक्यामार्फत घरात येई, आणि तार बिघडली तर १९८ क्रमांकावर तक्रार नोंदवून लाइनमनची वाट पाहावी लागे. हा लाइनमन सरकारी खात्याचा माणूस म्हणून बदनाम होता, आणि ती बदनामी सर्वस्वी अन्यायाची होती असे नाही. तक्रार केल्यावर आठवडा उलटूनही न फिरकणारे लाइनमन त्या काळी गावोगाव होते. परंतु पावसाळ्यात रिसीव्हरमधून खरखर ऐकू आली की पाणी कोणत्या जॉइंटमध्ये शिरले असेल, हे त्याला रस्त्याच्या वळणावरून सांगता येई. जमिनीखालच्या केबलमधील शेकडो जोड्यांपैकी कोणती कोणाच्या घरी जाते याची नोंद खात्याच्या वहीत असे आणि वहीत नसेल ती त्याच्या डोक्यात असे. डी.पी.चे म्हणजे गल्लीतील वाटप-पेटीचे झाकण उघडून, चाचणीचा फोन एकेका जोडीला लावत तो बिघाड आखडत आणी.

इंटरनेटच्या बाजूनेही अशीच एक वही होती, तिचे नाव डीएनएस. संगणक एकमेकांना आकडी पत्त्यांनी ओळखतात आणि माणसांना नावे लक्षात राहतात. नाव दिले की पत्ता सांगणारी ही जगभर विखुरलेली व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. दूरध्वनीवर १९७ फिरवून नंबर विचारण्याशी तिची तुलना होऊ शकते, फरक इतकाच की इथे उत्तर देणारा कोणी एक नसतो: मूळ सर्व्हर ‘डॉट इन’च्या सर्व्हरकडे बोट दाखवतो आणि तो पुढे त्या विशिष्ट संस्थेच्या सर्व्हरकडे. मोडेमच्या काळात या व्यवस्थेशी गाठ मात्र सहसा आपोआप पडत नसे. आपल्या सेवेच्या नावे-शोधक सर्व्हरचा २०२.५४ ने सुरू होणारा पत्ता हाताने भरावा लागे. एक आकडा चुकला की जोडणी झाल्याचा आवाज येऊनही पडद्यावर काहीच उघडत नसे. भारताचे ‘डॉट इन’ हे आडनाव १९८९ साली नोंदले गेले आणि जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था ते सांभाळत असे. नियम इतके कडक होते की २००४ अखेरपर्यंत सुमारे ७,००० नावेच दिली गेली. २००५ च्या आरंभी हा कारभार निक्सी या नव्या संस्थेकडे गेला, नोंदणी खुली झाली, आणि काही महिन्यांतच तो २६ जुलै उजाडला.

त्या दिवशी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. सुमारे ५० लाख मोबाइलधारक आणि महानगर टेलिफोन निगमचे सुमारे २३ लाख ग्राहक चार तासांहून अधिक काळ संपर्काबाहेर गेले. या आकड्यांच्या गर्दीत एक बारीकशी गोष्ट हरवली: ‘डॉट इन’चे मुंबईतील डीएनएस सर्व्हर बंद पडले आणि त्या व्यवस्थेची मांडणी बदलावी लागली. अशा वेळी जाळे चालवणारा अभियंता लाइनमनसारखाच बिघाड आखडत आणतो. प्रथम तो दूरच्या यंत्राला नावाऐवजी आकडी पत्त्याने हाक मारतो. उत्तर आले तर तार शाबूत आहे आणि दोष नावांच्या वहीत आहे असे ठरते. मग यादीतील एकेका नामसर्व्हरला स्वतंत्रपणे विचारले जाते. चारांपैकी एक मेलेला असेल तर सेवा पूर्णपणे थांबत नाही, पण काही प्रश्न त्या मेलेल्याकडे जातात, काही सेकंद वाट पाहतात आणि मगच दुसऱ्या दाराशी जातात. ग्राहक याला ‘नेट स्लो आहे’ असे म्हणतो. मेलेल्याला यादीतून काढले तरी ताबडतोब फरक पडत नाही, कारण जुनी उत्तरे ठरावीक मुदतीपर्यंत जागोजागी साठवलेली असतात, आणि मूळ सर्व्हरच्या यादीतल्या अशा नोंदींची मुदत ४८ तासांची असते. शिवाय त्या काळी मूळ यादीतला कोणताही बदल अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या संमतीनेच होत असे. ही अट २०१६ साली संपली. ती इतकी वर्षे कोणालाच फारशी विचित्र वाटली नाही, हे मात्र विचित्र म्हटले पाहिजे.

मुंबईनंतर अवघ्या पाच आठवड्यांनी, २९ ऑगस्ट २००५ रोजी, कॅटरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या न्यू ऑर्लिन्सवर आले. तिथे डिरेक्टएनआयसी या नावनोंदणी कंपनीच्या मूठभर लोकांनी पॉयड्रास रस्त्यावरील उंच इमारतीत डिझेल जनरेटरवर आपले सर्व्हर चालू ठेवले, आणि त्याची गोष्ट जगभर पोहोचली. २०१२ साली सँडी वादळात न्यूयॉर्कच्या ७५ ब्रॉड स्ट्रीट इमारतीच्या तळघरातील इंधनपंप बुडाल्यावर कर्मचाऱ्यांनी बादल्यांतून १७ मजले डिझेल चढवले, तेही सर्वांना ठाऊक आहे. मुंबईत २६ जुलैच्या रात्री एक्स्चेंजमधील पाणी उपसणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

त्यानंतर जगाने धडा घेतला तो अर्धाच. नामसर्व्हर एकाच शहरात ठेवू नयेत असे मार्गदर्शक टिपण १९९७ पासूनच उपलब्ध होते. आता एनीकास्ट म्हणजे एकच आकडी पत्ता अनेक शहरांतील सर्व्हरना देण्याची पद्धत सरसकट रूढ झाली आणि मुंबई बुडाल्याने ‘डॉट इन’ अडखळण्याचा प्रसंग जवळजवळ अशक्य झाला. नावांची वही अशी सुरक्षित होत असताना तार आणि तिची माणसे मात्र तोट्याच्या खात्यात टाकली गेली. ३१ जानेवारी २०२० रोजी भारत संचार निगमचे ७८,००० हून अधिक कर्मचारी, म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त, एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले. निगम कर्जात होता हे खरे, पण जोड्यांची ती डोक्यातली वही या माणसांबरोबरच घरी गेली, आणि तिची किंमत कोणत्याच ताळेबंदात धरलेली नव्हती.

चार महिन्यांनी, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, विजेचे खांब मोडले, आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडपासून मंडणगड-दापोलीपर्यंतची कित्येक गावे दिवसेंदिवस, काही तर आठवडेच्या आठवडे, अंधारात राहिली. मोबाइल मनोऱ्याखालची बॅटरी काही तास टिकते, पुढे जनरेटर लागतो, आणि जनरेटरला लागणारे डिझेल पडलेल्या माडांनी अडवलेल्या रस्त्यावरून येऊ शकत नाही. ज्या घरात प्रकाशतंतूची नवी तार आली होती तिथेही भिंतीवरचे खोके घरच्याच विजेवर चालत असल्याने एक्स्चेंजची बॅटरी आता कामाची नव्हती. अशा आपत्तीसाठी मंडळांतर्गत रोमिंग नावाचा उपाय आहे, म्हणजे एका कंपनीचा मनोरा बंद असेल तर त्याच दूरसंचार मंडळातील दुसऱ्या कंपनीच्या मनोऱ्यावरून बोलू देणे. उपाय चांगला आहे, फक्त त्यासाठी कोणाचा तरी एक मनोरा उभा आणि चालू असावा लागतो. मंडळाच्या या रेषा सावरगावच्या लोकांना जुन्या परिचयाच्या आहेत: हे मराठी गाव मध्य प्रदेश मंडळात असल्यामुळे सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या नरखेडच्या लेकीकडे गेले की फोन परमुलखात पोहोचे आणि एकेकाळी आलेल्या कॉलचेही पैसे कापले जात.

करोनाच्या टाळेबंदीमुळे मुंबईत अडकलेले चाकरमानी त्या दिवसांत गावाला संदेश पाठवत राहिले. व्हॉट्सअ‍ॅप न पोहोचलेला संदेश आपल्या सर्व्हरवर ३० दिवस जपून ठेवते, त्या सर्व्हरचे नाव जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून क्षणात सापडत होते, आणि ३ जूनच्या दुपारी ‘कौले राहिली का’ असे विचारणारा मजकूर तिथे सुरक्षित पडून होता. तो वाडीतल्या घरी पोहोचला तेव्हा कौलांच्या जागी ताडपत्री येऊन बरेच दिवस झाले होते.