चाकाच्या खुर्चीतून रानात

ज्याचा पाय अधू आहे, त्याने रान पाहावे कसे? म्हाताऱ्या माणसाने टेकडी चढावी कशी? “आता आमचं कसलं रान बघणं!” असे म्हणून पुष्कळजण ओट्यावरच बसून राहतात. पण वाचकहो, चाकाच्या खुर्चीत बसून हिंडता येईल अशीही राने जगात आहेत. त्यांतल्या एका रानाची हकीकत आज आपण वाचू.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को हे मोठे शहर आहे. त्याच्या उत्तरेला काही मैलांवर, एका दरीत हे रान आहे. नाव म्यूर वुड्स. वुड्स म्हणजे रान. इथे रेडवुड नावाची तांबूस लाकडाची झाडे आहेत. झाड केवढे म्हणाल? एका माडावर दुसरा माड, त्यावर तिसरा उभा करा, तेव्हा कुठे शेंडा गाठाल! सर्वांत उंच झाड अडीचशे फुटांहून उंच आहे. पुष्कळ झाडांचे वय सहाशे ते आठशे वर्षे. म्हणजे ज्ञानोबामाउली आळंदीला होते, तेव्हाही यांतली काही झाडे उभी होती.

पूर्वी त्या किनाऱ्याला अशी राने शेकडो मैल पसरलेली होती. १८४८ साली त्या मुलखात सोने सापडले. माणसांची रीघ लागली. घरांना लाकूड हवे झाले. रेडवुडचे लाकूड हलके आणि सरळ. ते लवकर कुजत नाही, त्याला वाळवी सहसा लागत नाही. झाले! कुऱ्हाड सुरू झाली. खोडात खाचा पाडून फळ्या ठोकायच्या, त्यांवर दोघांनी उभे राहायचे आणि लांब करवत ओढायची. ओंडके बैलजोड्यांनी ओढून न्यायचे. पुढे वाफेची यंत्रे आली, तोड आणखीच वाढली. आज त्या जुन्या रानातला शंभरातला सुमारे पाचवा हिस्सा नव्हे, शंभर भागांतले अवघे पाचच भाग उरले आहेत.

मग ही दरी वाचली कशी? एक तर वाट अवघड होती. ओंडके बाहेर काढणे परवडेना. पण नुसत्या अडचणीने रान कायमचे वाचत नाही. १९०५ साली विल्यम केंट आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ यांनी ४५ हजार डॉलर देऊन ही जमीन विकत घेतली. त्यासाठी कर्जही काढले. १९०७ साली एक पाणी कंपनी उठली. तिला तिथे धरण बांधायचे होते. जमीन मिळवायला ती कोर्टात गेली. केंट यांनी काय केले? २९५ एकर जमीन सरकारला फुकट देऊन टाकली! सरकारी जमिनीवर कंपनीचा दावा चालेना. ९ जानेवारी १९०८ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ते रान राष्ट्रीय स्मारक ठरवले. रानाला केंट यांनी स्वतःचे नाव लावू दिले नाही. रानांसाठी झटणारे लेखक जॉन म्यूर यांचे नाव दिले.

आता तिथली वाट पाहा. दरीच्या तळाने, ओढ्याकाठाने ती सपाट जाते. कुठे लाकडी फळ्या, कुठे डांबर. पायऱ्या नाहीत. खुर्ची सरळ पुढे जाते. फळ्यांचा आणखी एक फायदा आहे. या झाडांची मुळे खोल जात नाहीत, आडवी पसरतात. हजारो पावलांनी माती दबली, तर मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही. फळ्यांमुळे मुळेही वाचतात आणि अधू माणसालाही वाट मिळते.

आपल्याला यातून काय घेता येईल? आपल्याकडेही देवराया आहेत. तिथे कुऱ्हाड न लावण्याची रीत जुनी आहे, ती मोडू देऊ नये. आणि देऊळ, शाळा, पंचायतीची कचेरी इथे पायरीशेजारी उतार बांधावा. हिशेब सोपा आहे. एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार धरा. सार्वजनिक इमारतीत अपंगांना सहज जाता यावे, असे २०१६ चा कायदाही सांगतो. उतार झाला, की ओट्यावर बसून राहिलेला माणूस चारचौघांत येईल. गाव त्याचेही आहे, रानही त्याचेच आहे.