पाच मिलीलिटरची रेघ

औषधांच्या दुकानात माझ्या काउंटरखाली प्लास्टिकच्या सिरिंजांचा एक डबा असतो. सुई नसलेल्या, लहान मुलांना तोंडाने औषध पाजायच्या सिरिंजा. पातळ औषध न्यायला आलेल्या आईबापांना मी त्यातली एक देते आणि औषध किती घ्यायचं त्या रेघेवर पेनाने खूण करून दाखवते. ओहायोत फार्मासिस्ट म्हणून मला अठरा वर्षं झाली. तरी दिवसाआड कुणीतरी विचारतंच, "म्हणजे चमचे किती?"

चमच्यांत मी सांगत नाही. तुमच्याच स्वयंपाकघरातले दोन चमचे पाण्याने भरून मोजून बघा, एकात तीन मिलीलिटर मावेल, दुसऱ्यात सात. शिवाय 'टीस्पून' ५ मिलीलिटरचा आणि 'टेबलस्पून' १५चा. रात्री दोन वाजता तापाने फणफणलेलं मूल मांडीवर असताना या दोन शब्दांची गल्लत झाली, की डोस तिप्पट. म्हणूनच अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१५ साली स्पष्ट सांगितलं, की मुलांचं पातळ औषध फक्त मिलीलिटरमध्येच लिहावं आणि द्यावं.

वजनाचंही तेच. मुलाचं वजन विचारलं की आई चटकन सांगते, "चव्वेचाळीस." ते पौंड असतात, म्हणजे वीस किलो. औषधाचा हिशोब मात्र दर किलोमागे इतके मिलिग्रॅम असा चालतो. कागदावर नुसतं ४४ लिहिलं, पुढे एकक नाही, आणि पुढच्या माणसाने ते किलो धरले, तर डोस दुपटीच्या वर जातो. मी प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहिते आणि दुकानातल्या नव्या मुलींनाही तीच सवय लावते. तसंच अर्धा मिलिग्रॅम लिहायचा तर ०.५, नुसतं टिंब आणि पाच नाही, कारण टिंब पुसट उमटलं की ५ होतात. आणि पाच लिहायचे तर ५, ५.० नाही, नाहीतर कुणी ५० वाचेल. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने हे दोन्ही प्रकार २००४ सालीच 'वापरू नका' यादीत घातले. एका शून्यावर कुणाचं तरी मूल अवलंबून असतं.

तारखेचा घोळ मी जवळून पाहिला. पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातल्या मुलीचा जन्म जुलै २०१८चा. तिच्या गोवराच्या लसीपुढे कार्डावर ०५/०८/२०१९ लिहिलं होतं, म्हणजे ५ ऑगस्ट. इथे महिना आधी वाचतात, त्यामुळे शाळेत ती ८ मे झाली. पहिल्या वाढदिवसाआधी दिलेली लस इथे धरत नाहीत. रीतसर लस घेतलेल्या पोरीला पुन्हा सुई टोचायची वेळ आली होती. तिच्या आईने पुण्याच्या डॉक्टरांकडून पत्र मागवलं तेव्हा सुटका झाली. तेव्हापासून मी घरातसुद्धा २०१९-०८-०५ असंच लिहिते. वर्ष, महिना, दिवस. जगात कुणी वाचलं तरी दुसरा अर्थ निघत नाही.

अमेरिकेने मेट्रिक झिडकारलं असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. ते खरं नाही. इथे मेट्रिक मापं १८६६ सालीच कायदेशीर झाली. १८७५च्या मीटर करारावर पहिल्या सतरा देशांत अमेरिकेचीही सही आहे. १८९३पासून इथला यार्ड आणि पौंड मीटर-किलोवरूनच ठरतात, आणि १९५९पासून इंच म्हणजे नेमके २५.४ मिलीमीटर. म्हणजे इंचाची पट्टीही मिलीमीटरच्याच पायावर उभी आहे. १९७५ साली राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी मेट्रिक बदलाच्या कायद्यावर सही केली, पण सगळं ऐच्छिक ठेवलं. त्यासाठी नेमलेलं मंडळ १९८२ साली रेगन यांच्या काळात गुंडाळलं. मला वाटतं, घात त्या 'ऐच्छिक' शब्दाने केला. रस्त्यावरची पाटी प्रत्येकाच्या मर्जीने बदलत नसते. ॲरिझोनात टुसॉन ते नोगालेस या महामार्गावर अंतरं किलोमीटरमध्ये आहेत, मी तिथून गेले आहे. पण त्याच रस्त्यावर वेगमर्यादा मैलांत!

तरी मेट्रिक घराघरात आहेच. सोड्याची बाटली दोन लिटरची, वाईनची ७५० मिलीलिटरची, रविवारची शर्यत पाच किलोमीटरची. व्यायामशाळेतली मुलं दिवसाला किती ग्रॅम प्रोटीन खाल्लं ते तोंडपाठ सांगतात, पण हातात पीठ दिलं तर शंभर ग्रॅम म्हणजे किती ते त्यांना उमगत नाही. आकडा ओळखीचा, त्याचं वजन हाताला ठाऊक नाही.

वाईला माझ्या आजोबांचं किराणा दुकान होतं. शेर जाऊन किलो आला तेव्हा गिऱ्हाईक विचारायचं, किलो म्हणजे किती शेर? आजोबा हिशोब सांगत बसायचे नाहीत. "घरी नेऊन डब्यात ओता, डबा सांगेल," म्हणायचे. रूपांतराच्या नादी लागलं की नवं माप कायम परकंच राहतं. आपल्याकडेही ते पूर्ण उतरलं नाही, फ्लॅट अजून चौरस फुटांत आणि जमीन गुंठ्यात आहे. पण भाजीवाल्याकडे पाव किलो मागताना आज कुणाला शेर आठवत नाही.

मी घरात आजोबांचाच मार्ग धरला. ओव्हन सेल्सिअसवर टाकला. सेल्सिअसचं बटण इथल्या बऱ्याच ओव्हनना असतं, ते कुणी दाबत नाही. काटा ग्रॅमवर ठेवला. शेजारीण केक करायला आली तेव्हा तिच्या कपात मैदा आधी हलक्या हाताने भरला, मग चमच्याने दाबून. पहिला १२२ ग्रॅम, दुसरा १५१. कप तोच. तिचा केक कधी फुलतो, कधी दडस का होतो, ते तिला त्या दोन आकड्यांत दिसलं. लोण्याच्या कांडीवर ११३ ग्रॅम छापलेलं असतं, तेही तिने त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

परवा ती चव्वेचाळीस पौंडांवाली आई पुन्हा आली. औषध नको होतं. सिरिंज डिशवॉशरमध्ये धुऊन धुऊन रेघा पुसल्या होत्या.

"नवी द्या," म्हणाली, "साडेसातची रेघ दिसतच नाही."