मागणी अचानक वाढते तेव्हा

बँकेच्या नोकरीत एक दृश्य मी अनेकदा पाहिले. दिवाळीच्या तोंडावर व्यापाऱ्याची विक्री एकाएकी वाढते. माल तातडीने भरावा लागतो आणि त्यासाठी लागणारा पैसा मात्र त्याच विक्रीतून अजून यायचा असतो. मधल्या चार दिवसांची तरतूद नसेल, तर चांगली चालणारी पेढीही ऐन तेजीत अडचणीत येते. यंत्रांच्या जगातही असाच पेच असतो, हे मला प्रा. अ‍ॅना स्टेफानोपूलू यांच्या संशोधनाविषयी वाचताना उमगले.

अथेन्स येथे अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या या विदुषींनी १९९६ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. काही काळ फोर्ड कंपनीत काम केल्यानंतर पुढे त्या मिशिगन विद्यापीठातच यंत्र अभियांत्रिकीच्या प्राध्यापक झाल्या. त्यांचा विषय आहे नियंत्रणशास्त्र. यंत्राला कोणत्या क्षणी काय व किती द्यावे, हे ठरविणारे हे शास्त्र.

प्रारंभी त्यांनी इंजिनावर काम केले. एक किलो पेट्रोल जाळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण सांभाळले, तरच धूर बाहेर सोडणाऱ्या नळीतील उत्प्रेरक विषारी वायूंचा नीट बंदोबस्त करू शकतो. परंतु चालकाचा पाय क्षणोक्षणी दाब बदलतो. झडपा उघडण्या-मिटण्याची वेळ चालत्या इंजिनात बदलून प्रदूषण कमी करता येते, पण त्यामुळे आत जाणारी हवा आणि मिळणारा जोर हेही बदलतात. या साऱ्यांचा मेळ घालणे, हे त्यांचे काम होते.

त्यानंतर त्या इंधनघटाकडे, म्हणजे फ्युएल सेलकडे वळल्या. येथे ज्वाला नसते. हायड्रोजन आणि हवेतील ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज निर्माण होते आणि मागे केवळ पाणी उरते. एका घटाची वीज एक व्होल्टाहूनही कमी असल्याने मोटारीसाठी शेकडो घटांची चळत रचावी लागते. तिला हवा पुरविणारा कॉम्प्रेसर त्याच चळतीच्या विजेवर चालतो आणि खरी मेख येथेच आहे.

चालकाने वेग मागताच आतला ऑक्सिजन तत्क्षणी खर्च होतो, परंतु कॉम्प्रेसरला गती घेण्यास अवधी लागतो. त्याला घाई करावी, तर तो चळतीचीच वीज अधिक ओढतो. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार. ऑक्सिजनच्या अशा उपासमारीने वीज घटते आणि घटाचे आयुष्यही कमी होते. बरे, सदैव भरपूर हवा कोंबावी, तर कॉम्प्रेसरचा खर्च वाढतो आणि जे पटल ओलसर राहिले पाहिजे ते कोरडे पडते.

जे पुक्रुश्पन आणि ह्वे पेंग या सहकाऱ्यांसमवेत लिहिलेल्या त्यांच्या २००४ सालच्या ग्रंथात या पेचाचा गणिती ऊहापोह आहे. उपाय मात्र व्यापाऱ्याला ओळखीचे वाटतील. खर्चाच्या सुमारे दुप्पट ऑक्सिजन हाताशी ठेवणे, त्या निर्णायक क्षणांपुरती छोट्या बॅटरीची उसनवार घेणे आणि मागणी एकदम न पुरविता तिचा चढ किंचित मंद करणे.

हा विषय आपल्यापासून दूर राहिलेला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी विकसित केलेली हायड्रोजन बस पुण्यातच सादर झाली. प्रत्येक थांब्यावर आणि सिग्नलवर थांबून पुन्हा निघणाऱ्या बसला या पेचाला दिवसभर तोंड द्यावे लागते. उद्या आपल्यापैकी कोणी मालवाहतुकीसाठी असे वाहन घेण्याचा विचार केला, तर हायड्रोजनचा दर अवश्य विचारावा, पण वारंवार थांबत-धावत ही चळत किती वर्षे टिकेल आणि तिची हमी किती, हा प्रश्न त्याआधी विचारावा. कर्जाचा अर्ज समोर आला असता, तर मीही प्रथम तेच विचारले असते.