ओढ्याकाठची भिंत, खांबावरचा पक्षी

टानबाख हा एवढासा ओढा. मोठी ढांग टाकली की पलीकडे. एका काठाला बव्हेरिया, दुसऱ्या काठाला थुरिंगिया आणि दोन्ही काठांना मिळून जेमतेम पन्नास माणसांचे मोडलारॉइट हे गाव. 1810 साली इथे बव्हेरियाचे राज्य आणि रॉइसचे संस्थान यांच्यात हद्दीचे दगड रोवले गेले. पण दगडांनी गावकऱ्यांचे काही अडले नाही. शाळा थुरिंगियाच्या बाजूला, तर चर्चला सगळे बव्हेरियातल्या शेजारगावी जात.

जर्मनीची फाळणी झाली, थुरिंगिया पूर्वेकडे आणि बव्हेरिया पश्चिमेकडे गेला, आणि ओढ्याचा अर्थच बदलला. 1952 पासून पूर्व जर्मनीने सीमा बंद करत नेली, आणि 1966 साली गावाच्या मधोमध 700 मीटरची काँक्रीटची भिंत उभी राहिली. अमेरिकी सैनिक गावाला ‘छोटे बर्लिन’ म्हणू लागले. त्या भिंतीचा एक भाग अजून तिथे आहे, टेहळणीचा मनोराही आहे. आज हे सीमेचे संग्रहालय आहे.

मोडलारॉइटची भिंत म्हणजे 1,393 किलोमीटरच्या रेषेचा छोटासा तुकडा. बाल्टिक समुद्रापासून चेक सीमेपर्यंत तारेचे कुंपण, पाऊल उमटावे म्हणून नांगरून ठेवलेली माती, जागोजाग सुरुंग आणि गस्तीच्या गाड्यांसाठी टाकलेल्या सच्छिद्र काँक्रीटच्या लाद्या. ही सीमा ओलांडताना शेकडो माणसे मेली. सीमेलगतची हजारो कुटुंबे घरांतून उठवली गेली. हा पट्टा कोणी निसर्गासाठी राखला नव्हता, हे आधी सांगायलाच हवे.

तरीही तिथे जीव तगले. 1970च्या दशकात कोबुर्गजवळचा काइ फ्रोबेल नावाचा शाळकरी मुलगा पश्चिमेच्या बाजूने दुर्बीण लावून पक्षी मोजत होता. त्याचा लाडका पक्षी तपकिरी गळ्याचा व्हिनचॅट, म्हणजे आपल्या गप्पीदासाचा युरोपातला चुलतभाऊ. त्याला मोकळे गवत लागते आणि बसायला एखादा उंच खुंट. पश्चिमेकडची कुरणे आधुनिक शेतीने गिळली होती. फ्रोबेलला आढळले की परिसरातल्या व्हिनचॅटची नव्वद टक्क्यांहून अधिक घरटी सीमेच्या पट्ट्यातच आहेत. कुंपणाचे खांबच त्यांची बैठक झाले होते.

9 डिसेंबर 1989. बर्लिनची भिंत उघडून महिना झालेला. त्या दिवशी मोडलारॉइटच्या भिंतीत पायी ये-जा करायला वाट मोकळी झाली. त्याच दिवशी जवळच्या होफ शहरात पूर्व-पश्चिमेचे सुमारे चारशे निसर्गप्रेमी जमले. त्यांत फ्रोबेलही होता. सीमेचा पट्टा ‘हरित पट्टा’ म्हणून जपावा, असा ठराव तिथे झाला. या पट्ट्याची रुंदी कुठे 50 मीटर, कुठे 200. धोक्यात आलेल्या 1,200हून अधिक प्रजातींचा तो आसरा आहे.

मला वाटते, खरे अवघड काम त्यानंतरचे होते. निसर्गवाल्यांकडे अधिवासांचे नकाशे, इतिहासवाल्यांकडे मनोरे, कुंपणे आणि उजाड केलेल्या गावांच्या याद्या. एकाच जमिनीच्या दोन वह्या. वेगवेगळ्या वाचल्या तर दोन्ही फसवतात. गाड्या अडवायला खणलेला चर एका वहीत सीमेचा अवशेष असतो, आणि त्यात पाणी साचले की दुसरीत बेडकांचे डबके. चर बुजवला की दोन्ही नोंदी पुसल्या जातात. 1978 साली पूर्व जर्मनीने जमीनदोस्त केलेल्या बिलमुटहाउझेन या सीमेलगतच्या गावात आज दफनभूमी उरली आहे. अशा उजाड गावांत परसातली फळझाडे टिकलीच, तर तिथे घरे होती हे तीच सांगतात. वनस्पतींची नोंद तिथे माणसांचीही नोंद होते.

थुरिंगियाने 2018 साली आपल्या हद्दीतला 763 किलोमीटरचा पट्टा ‘राष्ट्रीय निसर्गस्मारक’ म्हणून घोषित केला. जर्मन कायद्यातल्या या वर्गाला निसर्गाइतकेच सांस्कृतिक इतिहासाचेही कारण चालते. मला त्यातले मोल इथेच दिसते.

कारण पट्टा मोकळा सोडला की तो आपोआप राखला जातो, असे होत नाही. काही वर्षांत बर्च आणि पाइन उगवतात आणि जंगल होते. मग व्हिनचॅट जातो आणि मनोऱ्यावरून सीमाही दिसेनाशी होते. म्हणून जागोजाग मेंढ्या चारतात, गवत कापतात, झुडपे तोडतात. एकेकाळी पळणारा माणूस टिपता यावा म्हणून ही जमीन उघडी ठेवत. आता मेंढपाळ तिथे कळप फिरवतो, आणि वसंतात आफ्रिकेतून परतलेला व्हिनचॅट गवतातल्या खुंटावर येऊन बसतो.