तळव्याचे घट्टे आणि धावण्याची ढब

आषाढी वारीच्या सुमारास शेगावहून पंढरपुराकडे निघालेली श्रीगजानन महाराजांची पालखी परभणी-गंगाखेडमार्गे पुढे जाते. तिच्यासमवेत अनवाणी चालणारे वारकरी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तळव्याचा घट्टा म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. याच जिल्ह्यातील रस्त्यांवर पहाटेच्या वेळी पोलीस भरतीसाठी १६०० अथवा ८०० मीटर धावण्याचा सराव करणारे तरुण व तरुणीही दिसतात. कोणी अनवाणी, कोणी जाड तळाच्या बुटांत, तर कोणी पातळ व लवचीक तळाच्या जोड्यांत धावतो. घट्टे पडले की पाय तयार झाला, अशी समजूत त्यांच्यांत आढळते. ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

घट्टा हा रोग नव्हे. दाब व घर्षण वारंवार होत राहिले म्हणजे त्वचेच्या बाह्यतम थरातील केराटिनयुक्त पेशींची वाढ त्यांच्या झिजेहून अधिक होते आणि तो थर जाड व राठ बनतो. कुरूप याहून भिन्न होय. त्याचा टणक गाभा आत रुतून वेदना देतो. घट्ट्यामुळे तळव्याची संवेदना बोथट होते, असा सार्वत्रिक समज आहे. तथापि २०१९ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात केनिया व अमेरिका येथील व्यक्तींच्या तळव्यांची तुलना करण्यात आली, तेव्हा घट्ट्याच्या जाडीमुळे स्पर्शसंवेदना घटते असे आढळले नाही. याचे कारण घट्ट्याच्या काठिण्यात आहे. बुटाची मऊ गादी आघात शोषून घेते. कठीण घट्टा मात्र जमिनीचा स्पर्श खालच्या संवेदनाग्रांपर्यंत पोहोचवितो. म्हणजेच काटा व खडा यांपासून तो त्वचेला जपतो, पण जमिनीची वार्ता अडवीत नाही.

याचा धावण्याच्या ढबीशी संबंध येतो तो असा. टाच प्रथम टेकली असता जमिनीचा प्रत्याघात एका क्षणिक धक्क्याच्या रूपाने पायात चढतो. जाड गादी तो सौम्य करते. गादी नसेल तर कठीण जमिनीवर हा धक्का टाचेस जाणवतो, आणि पुष्कळ धावक पाऊल आखूड टाकून, गुडघा किंचित वाकवून चवड्यावर अथवा सपाट पावलावर उतरू लागतात. डॅनियल लीबरमन व त्यांचे सहकारी यांनी २०१० साली हा भेद मोजून दाखविला. परंतु हा नियम अपवादरहित नाही. उत्तर केनियातील दासानाच लोक जन्मभर बहुधा अनवाणी वावरणारे. त्यांचे निरीक्षण २०१३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा सोयीच्या गतीने धावताना त्यांपैकी बहुतेक टाचेवरच उतरतात, असे दिसून आले. यास्तव वेग व सवय यांचाही विचार करणे अवश्य ठरते.

शिवाय चवड्यावर उतरल्याने भार नाहीसा होत नाही, तो केवळ स्थान बदलतो. टाच व गुडघा यांवरील ताण काहीसा उतरून पोटरी, टाचेमागील कंडरा व चवड्यातील लांब हाडे यांवर जातो. येथेच खरा धोका आहे. त्वचा काही आठवड्यांत राठ होते. हाडाच्या पुनर्रचनेस मात्र कित्येक महिने लागतात, आणि त्या क्रियेत जुने हाड आधी झिजते व नवे मागाहून भरते. या मधल्या काळात हाड दुबळे असते. २०१३ सालच्या एका प्रयोगात ३६ अनुभवी धावकांपैकी काहींना दहा आठवड्यांत पातळ तळाच्या जोड्यांची सवय करावयास लावली. त्यांच्या पायांच्या हाडांत सूज येण्याचे प्रमाण नेहमीचे बूट वापरणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले. तात्पर्य, घट्टा ही त्वचेच्या तयारीची खूण आहे. हाडाच्या तयारीची साक्ष तो देऊ शकत नाही.

लता करे बारामतीच्या शर्यतीत साडी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या, ही घटना महाराष्ट्रास ठाऊक आहे. पतीच्या औषधोपचारासाठी त्यांना पैसा हवा होता. त्यांच्या धैर्याचा गौरव करावा. परंतु गरजेपोटी घडलेल्या गोष्टीस प्रशिक्षणाची पद्धत मानणे युक्त होणार नाही. आयुष्यभर शेतात अनवाणी राबलेला पाय आणि बुटांत वाढलेला पाय यांची पूर्वतयारी एकसारखी नसते. ज्यास जोडे बदलावयाचे असतील, त्याने प्रथम केवळ चालावे, मग थोडेच अंतर धावावे व ते काही महिन्यांत क्रमाने वाढवावे. चवड्याच्या हाडावर एकाच जागी दुखू लागल्यास सराव तत्काळ थांबवावा.

एक सूचना अगत्याची आहे. मधुमेहाने ज्याच्या पायाची संवेदना गेली आहे, त्याच्या बाबतीत वरील विवेचन उलटे होते. तेथे घट्टा रक्षक न राहता खालच्या ऊतींवर दाब वाढवितो, आणि त्याखाली नकळत व्रण होऊ शकतो. अशा व्यक्तीने, मग ती वारकरी का असेना, अनवाणी चालू नये आणि घट्टा घरी पात्याने कापू नये. तो वैद्यकीय तज्ज्ञाकडूनच काढून घ्यावा. घट्टा एकच, पण तो कोणत्या पायावर आहे, यावरून त्याचा अर्थ ठरतो.